फळ्यावरचा मुरगळलेला पाय

रविवारची दुपार. जेवण झाल्यावर हेमलता आरामखुर्चीत टेकते. मांडीवरच्या कागदावरची बातमी संध्याकाळी पाचला नवरंग तालमीच्या फळ्यावर उतरवायची आहे: फुटबॉलच्या राखीव संघात काय झालं, सोळा वर्षांखालचं कोण वर गेलं. पहिल्या संघाचं सगळं पेठेला तोंडपाठ असतं. या पोरांची बातमी मात्र फक्त या फळ्यावरच. आधी फळा तिच्या वडिलांकडे, अप्पांकडे होता, ते गेल्यापासून तिच्याकडे आहे. ती कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते, म्हणून पोरांची तपासणीही तीच करते.

कागदावर एक ओळ अर्धी आहे. 'आफताब शिकलगार, राखीव संघ'. परवा सरावात आफताबला घेरी आली. तिने नाडी धरली, तर दर चार-पाच ठोक्यांनी एक चुकत होता. बुधवारी तो पहिल्यांदाच वरच्या संघातून उतरणार आहे. "मॅडम, घरी सांगू नका," तो म्हणाला. सेक्रेटरी म्हणाले, "नेहमीसारखं पाय मुरगळला लिहा. बुधवारी बरा झाला म्हणू."

तालमीची ही जुनी रीत. फळा दुसऱ्या पेठेची माणसंही वाचतात, म्हणून त्यावर आजार लिहायचा नाही. ताप असो, घेरी असो, नवरंगच्या खेळाडूचा फक्त पायच मुरगळतो.

पंख्याची घरघर लांब जाते. खुर्चीचा दगड होतो. हेमलता मैदानाच्या पायरीवर बसली आहे आणि मैदानात कुणीच नाही. खालच्या पायरीवर तिचा धाकटा भाऊ धैर्यशील बसलेला आहे. त्याला जाऊन एकोणतीस वर्षं झाली.

"आक्का, जाड झालीस की."

"वय झालं."

"माझं नाही झालं," तो म्हणतो. खरंच, तो एकोणीसचाच आहे. डाव्या घोट्यावर आंबेहळदीचा ओला लेप आहे.

"दुखतोय?"

"पायाला काय झालंय? चांगलाच होता." तो हसतो. "शिवाअण्णा मालीशवाल्यानं चार दिवस चोळला. मी म्हणलं, अण्णा, मला घेरी आल्ती. तो म्हणला, फळा वाचलाय मी, गप पड."

पाचव्या दिवशी त्याला उतरवला. उत्तरार्धात, चेंडू पार दुसऱ्या टोकाला असताना, तो खाली बसला आणि उठला नाही.

"अप्पांनी सांगितलं तसं लिहिलं मी," ती म्हणते.

"अक्षर तुझं चांगलं म्हणून. मला माहीत आहे."

आता ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहेत. टेबलावर घड्याळ आहे, त्याला सेकंदाचा एकच काटा. फरशीवर मैदानातलं गवत उगवलेलं आहे आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. ती त्याचं मनगट धरते, बोटं सरकवते, पुन्हा दाबते. काहीच लागत नाही.

"तेव्हा धरायचीस," तो म्हणतो. त्याच्या आवाजात राग नाही. तेच तिला सोसवत नाही.

"तेव्हा मी शिकतच होते."

"आता शिकवतीस."

तो खाली वाकून घोटा खाजवतो आणि त्याच हाताने तिचं मनगट पकडतो. ओठ हलवत मोजतो, लहानपणी पाढे म्हणायचा तसा.

"तुझी लागतीय की."

"धैर्या, त्या पोराला खेळायचंय रे. सहा वर्षं वाट बघितली त्यानं. मी लिहिलं तर कुठलीच तालीम त्याला घेणार नाही. जन्मभर नावं ठेवेल मला."

"ठेवू दे. मलाही खेळायचंच होतं. तू विचारलं असतंस तर मीपण पायच मुरगळला म्हणलो असतो." तो तिचा हात सोडतो. "त्याला विचारू नको, आक्का."

ती उत्तर द्यायला तोंड उघडते, तर समोर स्वतःचीच खिडकी आहे. पडद्यावर ऊन आहे. साडेचार वाजलेत.

डावं मनगट ओलसर लागतं. त्यावर तीन बोटांचे पिवळे ठसे आहेत. ती वास घेते. आंबेहळद. सकाळपासून तिने काय काय हाताळलं ते एकेक आठवून बघते. दही, भात, कागद, पेन. घरात आंबेहळद नाही.

ठशांवरचा लेप वाळायला लागला आहे, त्वचा ओढली जाते आहे. तो न पुसता ती पेन उचलते आणि ओळ पुरी करते: 'सरावात घेरी. नाडी अनियमित. हृदयाचे डॉक्टर लेखी परवानगी देईपर्यंत कोणत्याही संघातून खेळणार नाही.'

मग ती पायात चपला घालते. पाच वाजायच्या आत आधी शिकलगारांच्या घरी जायचं आहे.