टोंग्यातली आत्याची जागा

टोंग्याले चाललो म्हटलं तर शेजारच्या काकानं विचारलं, "टांग्यानं? कुठवर?"
म्हटलं, "समुद्र संपते तिथवर."

हासण्यासारखं तेवढंच. दादा तिकडं, टोंगा बेटावर, दुकानात नोकरीले होता, तिथलीच मेले नावाची बायको केली होती. तो लय बिमार असल्याचं पत्र आलं. माय म्हणाली, "त्याले घरी घेऊन ये गा."

नागपूरहून कलकत्ता रेल्वेनं, मग फिजीची बोट. डेकचं तिकीट सगळ्यात स्वस्त, पण अंथरूण आन् लोणचं आपलं न्या. काटोलची संत्री नेऊ नका. माझी सिंगापूरच्या आधीच सडली. फिजीहून पुढं लहान बोट. पोटात पाणी टिकत नाही.

पोचलो तर दादा आदल्याच दिवशी गेला होता.

अंगणभर माणसं, सगळ्यांच्या कमरेले फाटक्या चटया. मी पुटपुटलो, "अंथरूण बांधून काय फिरून राहिले हे?"
मागून बाई बोलली, चक्क आपल्या बोलीत. "दुःख आहे म्हणून फाटकी. मान ठेवतो आम्ही."
ती मेलेवहिनी. दादानं शिकवलं होतं तिले. तिनं माझ्याही कमरेले चटई बांधली.

आत दादाले झाडाची साल ठोकून केलेल्या कापडावर निजवलं होतं. आम्ही कोष्टी, बिनधाग्याचं कापड मी पहिल्यांदा पाहिलं. उशाशी बारीक विणीची एक चटई रिकामी होती. रक्ताचा मी एकटाच, म्हणून तिथं जाऊन बसलो. मयतीची गाणी गाणारे मधेच थांबले.

"उठ गा," वहिनी हळूच म्हणाली. "ते आत्याची जागा. आमच्यात बापाच्या बहिणीचा मान सगळ्यात मोठा."
"आत्या तर नागपूरले आहे."
"म्हणूनच रिकामी ठेवली."
"तिचा नवरा मेला, वहिनी. आमच्यात तिले कोणी पुढं बसवत नाही."
"काहून?"

शाळेत मास्तरले मी कधी उत्तराविना सोडलं नाही, खोटं का असेना. इथं मी चटईवरून उठून मागं जाऊन बसलो.

दादाले तिथंच वाळूत पुरलं. जाळा आन् अस्थी द्या, म्हणायचं तोंड नव्हतं.

घरी आलो, मायले सांगितलं. भेटायले माणसं जमली. आत्या दाराआड बसली होती. मी तिच्याजवळ गेलो. म्हटलं, "आत्या, दादाच्या उशाशी तुही जागा ठेवली होती. मलेही बसू दिलं नाही."

तिनं डोळे पुसले. "माही? आजच्या दिवशी तरी मजाक करू नको गा."

मी मायची शपथ घेतली. याआधीही घेतल्या होत्या, सगळ्या खोट्या. आत्या दाराआडच बसून राहिली.