नसीबाबाईंचं थांबणं

नसीबाबाईंबद्दल लिहिण्याची जाण असलेल्या कोणीतरी लिहायला हवं होतं. मी त्यांच्या शाळेतला कारकून, पुढे त्यांचा शेजारी. मला लिहायची सवय नाही. पण दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही.

बाई भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या. मराठी शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. त्यांची एक रीत होती. एखादी गोष्ट सांगून झाली की "कळलं का?" विचारायच्या आणि हात मागे बांधून थांबायच्या. वर्गातून उत्तर आल्याशिवाय पुढचा शब्द नाही. शेवटी एखादं पोर धीर करून "नाही" म्हणायचं आणि बाईंचा चेहरा खुलायचा. मग तेच सगळं पुन्हा, दुसऱ्या वाटेने.

त्या निवृत्त झाल्या आणि टाळेबंदी आली. शाळा फोनवर गेली. बाईंनी इंटरनेटवर आवर्तसारणी शोधली आणि मला हाक मारली. रंगीत चौकटी होत्या, बोट लावलं की अणू गरगर फिरायचा.

"सुंदर आहे हो, शरदभाऊ," त्या म्हणाल्या, "पण सगळं इंग्रजीत. आणि कळलं का म्हणून विचारत कोणीच नाही."

मग भावाच्या कारखान्यातलं कोरं कापड भिंतीवर ताणून त्यांनी ब्रशने सारणी काढली. हायड्रोजनपासून कॅल्शियमपर्यंत, एका मूलद्रव्याला एक व्हिडिओ, तो इंटरनेटवर टाकायचा. फोन मी धरायचो. कारखाना घराखालीच; त्यातल्या लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट शुक्रवारी बंद असे, म्हणून काम शुक्रवारीच. पुढे बस सुरू झाल्यावर गंधकासाठी आम्ही वज्रेश्वरीला गेलो. गरम पाण्याच्या कुंडाच्या वाफेकडे बोट दाखवत बाई म्हणाल्या, "हा वास ओळखा."

"बाई, फोनमधून वास कसा जायचा?"

"इथे आंघोळ केलेल्याला बरोबर येईल. तुम्ही हात हलवू नका."

प्रत्येक व्हिडिओत त्या "कळलं का?" विचारून तशाच थांबायच्या. समोर फक्त मी आणि फोन.

त्यांची भाची अलिजा ठाण्याला जाहिरातीच्या ऑफिसात आहे. ईदला आली तेव्हा तिने लोक व्हिडिओ कुठपर्यंत बघतात ते दाखवणारी फोनवरची एक रेघ दाखवली. "खाला, बघ ना, इथे धाडकन खाली येते. तू गप्प झालीस की लोक पळतात."

"सगळे?"

"जवळजवळ सगळे. आणि बघणारे तरी किती! भिंतीशी बोलतेयस तू."

पोरगी मायेनेच बोलली होती. बाई मात्र हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे व्हिडिओ काढून टाकले. नवे करायला जागा हवी म्हणून फोनमधूनही पुसले. मग अलिजाने शिकवल्याप्रमाणे म्हणू लागल्या, "कळलं का? छान, पुढे जाऊ." कित्येक शुक्रवार हेच घोकलं. मनासारखा एकही व्हिडिओ झाला नाही.

आणि एका शुक्रवारी अंजूरहून काशी आली. बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता राहनाळच्या गोदामात कामाला. सोबत लेक, तुळजा.

"बाई, तुमचं व्हिडिओ दिसत न्हाय. कुठं गेलं?"

"काढले गं. बघत कोण होतं?"

"ही बघत होती ना! तुम्ही 'कळलं का' इचारता, ही फोनला वरडून सांगते, 'न्हाय!' आन् परत मागं नेते. घरात आमाला येड लागायची पाली."

तुळजा लाजून आईमागे सरकली. बाई खुर्चीचा हात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "ये बाळा, आता समोरच सांगते."

तिला कापडासमोर बसवून त्यांनी सोडियम घेतलं. मी सवयीने फोन धरला. खाडीकाठच्या मिठापासून सुरुवात केली. छान सांगत होत्या, पूर्वीसारखं. मग विचारलं, "कळलं का?"

तुळजाने तोंड उघडलं.

"छान, पुढे जाऊ," बाई बोलून गेल्या.

त्यांचं त्यांनाच उमगलं. हात मागे बांधले, पुन्हा विचारलं, "कळलं का?" पण आता त्यांना ती शांतता सोसवेना. ओठ हलत होते, नजर माझ्या हातातल्या फोनकडे जात होती. पोरीने त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "हो."

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. चहा झाला, मायलेकी निघाल्या. जिना उतरताना काशीने विचारलं, "खरंच कळलं काय गं?"

"न्हाय."

शुक्रवार होता. लूम बंद होते. जिन्यातलं सगळं वर ऐकू येत होतं.