कारपार्कमध्ये पाहिलेला पहिला अंक

लंडनजवळच्या मेडनहेडहून निघताना निखिलने धिरड्यांचा डबा गाडीत ठेवला आणि म्हातारीच्या हट्टापायी शनिवार वाया गेला, अशा चेहऱ्याने गाडी सुरू केली. निखिल माझा भाचा, पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर इथे आलेला. पाहुण्यांना लंडनची एक झगमगीत संगीतिका दाखवून परत पाठवायचं, ही त्याची ठरलेली रीत. मी मात्र ब्रिस्टलच्या व्हर्नाबाईंना भेटायचा हेका धरला होता. इथल्या कृष्णवर्णीयांच्या रंगभूमीविषयी त्या ‘साईड डोअर’ नावाचं छोटं मासिक काढतात.

“आत्या, असलं मॅगझिन वाचतं कोण?” त्याने विचारलं. आमच्या पुण्यातल्या नाट्यत्रैमासिकाचे वाचक म्हणजे त्याचे लेखकच, त्यामुळे या प्रश्नाचं मला आता काही वाटत नाही.

वाटेत एका सर्व्हिसेसमध्ये (हमरस्त्यावरचा थांबा) आम्ही गाडीतच बसून धिरडी खाल्ली. आतली टेबलं विकत घेऊन खाणाऱ्यांसाठी असतात, असं निखिलने बजावलं. बाहेर हिरवीगार कुरणं आणि त्यात सुखवस्तू मेंढ्या होत्या. लसणीच्या चटणीचा वास मात्र आमच्यासोबत थेट ब्रिस्टलपर्यंत आला.

व्हर्नाबाईंचं घर चढावरच्या एका रांगेत होतं. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर जुन्या अंकांचे गठ्ठे, त्यामुळे वर जायचं तर एक पाय ठेवायला जागा शोधावी लागे. बाई सत्तरीच्या, लहानपणी जमैकाहून आलेल्या. त्यांनी आल्याचा केक कापला आणि मासिकाची जन्मकथा सांगितली. तरुणपणी त्या एका नाटकात काम करत. प्रयोग चर्चच्या तळघरात व्हायचे, माणसं उभी राहून बघायची. वर्तमानपत्रांतून मात्र कुणी फिरकलं नाही. पुढे एका विद्वानाने जाडजूड ग्रंथात लिहिलं, की त्या काळात या शहरात असं नाटक झालंच नाही. ग्रंथाला बक्षीसही मिळालं म्हणे. बाई संतापल्या आणि मैत्रिणीच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत चोरून झेरॉक्स काढून त्यांनी पहिला अंक काढला. पैशांची मदत कधी मिळे, कधी बंद होई. मासिकाचा नियम एकच राहिला: नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय त्यावर एक ओळ लिहायची नाही. आमच्याकडे हा नियम लावला तर निम्म्या समीक्षकांना शेती करावी लागेल.

दुपारी एका कम्युनिटी सेंटरमध्ये नाटक होतं, म्हणून तिघं निखिलच्या गाडीतून निघालो. सेंटरसमोर पैसे भरून गाडी लावायची सोय होती. पण पार्किंगला पैसे देणं म्हणजे आमच्या कुळाला बट्टा. “मागच्या गल्लीत फ्री मिळेल,” निखिल म्हणाला. मागच्या गल्लीत फक्त रहिवाशांसाठी, पुढचीत दुहेरी पिवळ्या रेघा, म्हणजे गाडी लावायलाच बंदी. मला आधी दारात सोड, असं व्हर्नाबाई म्हणेपर्यंत वन-वेने आम्हाला नदीपलीकडे नेलं होतं. हिंडून हिंडून परत आलो, तर सेंटरच्या मागेच त्यांचं स्वतःचं कारपार्क निघालं, फुकट आणि निम्मं रिकामं. बाई गाडी चालवत नाहीत, त्यांना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं.

आत मध्यंतराचा चहा चालला होता. पहिला अंक संपला होता.

दुसरा अंक आम्ही पाहिला. इस्पितळात काम करायला इंग्लंडला आलेल्या तीन बहिणींची गोष्ट. धाकटी तिथेच आजारी पडते आणि ज्या वॉर्डची फरशी पुसत आली, त्याच वॉर्डात मरते. पडदा पडल्यावर मार्शा आली. नाटक तिनेच लिहिलेलं, धाकटीचं कामही तिचंच. अनुदान थांबल्यामुळे दौरा रद्द झाला होता, हा पहिला आणि शेवटचा प्रयोग. मोठ्या पेपरांना निमंत्रणं गेली होती, आलं कुणीच नव्हतं. तुम्ही लिहाल ना, एवढंच तिने विचारलं.

“पहिला अंक मी पाहिला नाही,” व्हर्नाबाई म्हणाल्या. “मला लिहिता येणार नाही.”

निखिल कानकोंडा झाला. पहिल्या अंकाची समरी कुणीतरी देईल, त्यावरून लिहा, असं त्याने सुचवलं.

“आमचं नाटक झालंच नाही असं ज्याने लिहिलं, त्यानेही ते पाहिलं नव्हतं,” बाई शांतपणे म्हणाल्या. “मी त्याच्या रांगेत बसणार नाही.”

मला त्या बाईंचा त्या क्षणी राग आला. मार्शाने मात्र मेकअप पुसायचा हात थांबवला आणि ती म्हणाली, “मग पुन्हा करू.” हॉलमध्ये बारशाची पार्टी होती, फुगेवाले दारात उभेच होते. म्हणून नाटक कारपार्कमध्ये गेलं. जागा व्हावी म्हणून निखिलने गाडी काढली आणि समोर मुकाट्याने पैसे भरून लावली. कुळाला बट्टा लागला, पण भाचा माझ्या मनातून उतरायचा वाचला.

कचऱ्याच्या पेट्यांजवळ, बारीक पावसात पहिला अंक सुरू झाला. मघाशी मेलेली धाकटी आता बोटीतून उतरत होती आणि हसत विचारत होती, की इथे उबदार कोट कुठे मिळतो. तिचं काय होणार ते आम्हाला माहीत होतं, तिला नव्हतं. मी भरपूर रडले. बारशाची काही मंडळी हातात केक घेऊन बघत उभी राहिली.

पुण्याला परतल्यावर आमच्या नाट्यमंडळाने माझं भाषण ठेवलं. सगळ्यांना लंडनच्या संगीतिकेबद्दल ऐकायचं होतं. आपल्याच नदीकाठच्या वस्तीत दर वर्षी नाटक होतं, ते कुणी पाहिलंय का, असं मी विचारलं. तो विषय मंडळाच्या कक्षेत येत नाही, असं अध्यक्षांनी प्रेमाने समजावलं. वस्तीतले लोक काळे नाहीत, हे त्यांनी वर सांगितलं. मी स्वतःही कधी गेले नव्हते.

नंतर ‘साईड डोअर’चा अंक पोस्टाने आला. नाटकाचा दुसरा अंक आधी आणि पहिला नंतर, उघड्यावर पाहिला, असं व्हर्नाबाईंनी दीड पानाच्या लेखात स्पष्ट लिहिलं होतं. तिन्ही नट्यांची, दिवे लावणाऱ्याची, चहा करणारीची, सगळ्यांची पूर्ण नावं होती. सोबतच्या चिठ्ठीत मार्शाची नाट्यसंस्था बंद झाल्याचं कळवलं होतं. ते नाटक आता कुणाला शोधायचं झालं, तर ते त्या दीड पानात आहे. बाकी कुठेच नाही.