एस म्हणजे समोर

शालिकरामजी मेश्राम यांना मी प्रथम पाहिलं तेव्हा त्यांचे फक्त पाय दिसत होते. १९९९ चा उन्हाळा होता. डिप्लोमाचा कागद घेऊन मी गोंदियाजवळच्या मुर्रीच्या वर्कशॉपात गेलो, तर हे गृहस्थ एका पोकलेनच्या पोटाखाली आडवे. मी ऐटीत नाव, गाव, टक्के सांगितले. आतून आवाज आला, "टक्के राहू दे, सतराचा पाना दे." मी एकोणीसचा दिला. आमची ओळख झाली ती अशी.

मेश्रामजींना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या समाजकार्यावर या गौरवग्रंथात जाणती मंडळी लिहितीलच, मी त्यांच्या रिंगांबद्दल लिहितो. पोकलेनचा वरचा भाग खालच्या पट्ट्यांवर गरगर फिरतो तो एका मोठ्या बेअरिंगवर. तिला आम्ही रिंग म्हणतो. मेश्रामजी 'जातं' म्हणत, कारण खालचा भाग बसलेला आणि वरचा फिरता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी जमिनीवर खडूनं आकृत्या काढून मला सगळे प्रकार समजावले. "एका ओळीत छर्रे असले त पोकलेन ना लहान क्रेन. एक रोलर इकडं कलला ना दुसरा तिकडं, त जिथं जराही हललेलं चालत नाही तिथं. तीन ओळी असल्या त लय मोठी मशीन. वरची ओळ वजन घेते, खालची उलटू देत नाही, मधली बाजूचा धक्का खाते. समजलं का?" मी मान हलवली. "नाही समजलं," ते म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मला कावीळ झाली तेव्हा ते रोज सायकलनं माझ्या खोलीवर पेज घेऊन येत. पेज संपेपर्यंत परीक्षा चाले. रिंगेचे दात आतून चांगले की बाहेरून? आतले चिखलापासून वाचतात, असं उत्तर आलं की वाटी पुन्हा भरली जाई. माझ्या वडिलांनीही माझे इतके लाड केले नाहीत.

आता जे सांगायचं ते सांगतो. इटियाडोह धरणाच्या कालव्यातला गाळ काढणाऱ्या एका पोकलेनला नवी रिंग बसवायची होती. वारलेल्या नातलगाच्या पुण्यानुमोदनासाठी मेश्रामजी कामठ्याला गेले होते आणि काम माझ्यावर होतं. रिंगेवर इंग्रजी एस कोरलेला होता. आमच्याकडे पार्ट उघडताना खडूनं खुणा करायची रीत होती, एस म्हणजे समोर, एम म्हणजे मागं. मी तो एस बिनधास्त समोर, थेट बूमखाली, म्हणजे मशीनच्या लांब हाताखाली घेतला आणि बोल्ट आवळले. कारखान्याच्या भाषेत मात्र तो एस 'सॉफ्ट'चा, म्हणजे मऊ जागेचा असतो. तेवढ्या जागी पोलाद कडक केलेलं नसतं, म्हणून ती कमी भाराच्या बाजूला, बूमच्या काटकोनात ठेवायची असते. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

काही महिन्यांत रिंग खडखडू लागली आणि मशीन ऐन कालव्यात अडकली. गाळ निघाल्याशिवाय उन्हाळी धानाला पाणी सुटणार नव्हतं. ठेकेदार चारचौघांत ओरडले, "मेश्रामजी, आपसे ये उम्मीद नहीं थी!" मेश्रामजींनी एस कुठे आहे ते पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चुकी माही आहे." मी तिथेच उभा होतो.

दुसऱ्या दिवसापासून वर्कशॉपात एस लिहिणं बंद झालं. खडूनं पूर्ण 'समोर' लिहायचं, असा नियम झाला. मला मात्र ते एका शब्दानं बोलले नाहीत.

वर्षभरात मी पुण्याकडे निघून आलो. पवनचक्क्यांच्या रिंगा बसवतो, माणसापेक्षा उंच. काम उत्तम आहे, पण इथे कुणी "नाही समजलं" म्हणत नाही. ग्रीसचा वास आला की मुर्री आठवते आणि जीव कासावीस होतो. गोंदियाला गेलो की अजूनही कुणीतरी सांगतं, मेश्रामजींचा हात एकदाच चुकला होता. तो हात माझा होता. हे मी आज सर्वांसमक्ष लिहून देतो.

छापण्याआधी परवानगी घ्यावी म्हणून फोन केला आणि हे सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "थे रिंग कवाचीच भंगारात गेली. तू अजून घेऊन फिरून राहिला? छापाचं थे छाप. पण तू घरी कवा येऊन राहिला, थे सांग." मी "तब्येतीला जपा" एवढं म्हणून फोन ठेवला.

मेश्रामजी, आपल्याला निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, आपली शंभरी आम्हाला पाहायला मिळो. फोनवर राहिलेलं उत्तर इथे देतो.

मी येऊन राहिलो.