प्यादं एकच घर

बीडच्या एका मंगल कार्यालयात बुद्धिबळाची स्पर्धा होती. वडवणीहून मी नि माझे वडील एसटीनं गेलतो. हा खेळ मला लहानपणी वडिलांनीच शिकवला, रानात मेंढरं बसवल्यावर फडक्यावर कोळशानं घरं आखून. त्यांच्या देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. सकाळी नाव नोंदवताना त्यांनी हे कौतुकानं सांगितलं, तर बुद्धिबळाच्या क्लासचे एक सर आपल्या पोरांदेखत हसले. "बाबा, तो काय खेळ नाही, टाइमपास आहे." वडील बाहेर जाऊन उभे राहिले. माझं मात्र डोकं फिरलं. आज मी हरले तर त्या सरांचंच खरं होणार होतं.

शेवटच्या फेरीत नेमका त्यांचाच लाडका पोरगा माझ्यासमोर आला. पांढरे मोहरे माझ्याकडं. स्पर्धेत प्यादं पहिल्या चालीला दोन घरंही चालतं हे मला चांगलं ठाऊक होतं. लेकाच्या मोबाईलवर रोज खेळते, मी काय येडी न्हाई. तरी राजापुढचं प्यादं मुद्दाम एकच घर सरकवलं. मग वजिरापुढचं, तेही एकच. खिडकीबाहेर वडील उभे होते, त्यांना दिसावं म्हणून. पोरगं गालात हसलं. दहा-बारा चाली झाल्यावर म्हणतंय कसं, "बरोबरी घ्या काकू. उगं कशाला हरता?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खेळ गुमान," म्हणाले.

खोटं कशाला सांगू, पुढं माझा घोडा फुकट गेला, मग हत्ती. डाव हातचा जातोय हे दिसत होतं नि लई रडू येत होतं. पण वजीर शाबूत होता. पोराचा राजा कोपऱ्यात उघडा पडला तसा मी शह दिला. राजा सरकला, मी पुन्हा शह दिला. तो जुन्या घरात आला, माझा वजीरही शह देत जुन्या घरात आला. त्याला सुटायला वाटच न्हाई. तीच मांडणी तिसऱ्यांदा झाली की नियमानं बरोबरी मागता येते, तेव्हा मी पंचांना बोलावलं. त्यांनी लिहिलेल्या चाली तपासल्या नि बरोबरी दिली.

पोरगं फणकारलं, "मघाशी मी हेच देत होतो की."

"तू देत होतास. आता मी घेतली," म्हणून मी उठले.

बाहेर वडिलांनी विचारलं, "काय झालं गं?"

"बरोबरी."

तोवर जिंकत आलेला डाव घालवला म्हणून सर त्या पोराला दारातच झापायला लागले होते. वडिलांनी घटकाभर तिकडं बघितलं. मग सरांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "टाइमपासच हुता, तर ह्ये एवढं कशापायी चिडलेत?"