तात्यांनी नापास केलेला कागद

लालबागच्या चाळीत रमाकांत घाडींना सगळे तात्या म्हणतात. गिरणीत तीस वर्षं त्यांनी तयार कापड तपासलं. ताग्यात एक धागा चुकला, की खडूची फुली आणि तागा परत. मग समोर मॅनेजर असो नाहीतर युनियनचा पुढारी, मुलाहिजा नाही. गिरणी बंद पडली, खोड मात्र राहिली.

सत्तरी ओलांडल्यावर त्याच डोळ्यांनी दगा दिला. म्हातारपणी डोळ्याच्या पडद्यामागच्या शिरा पाझरू लागतात, तो आजार. उजव्या डोळ्याला मधलं दिसेनासं झालंच होतं, डावाही त्याच वाटेला लागला. दर महिन्याला डोळ्यात सुई. सून अक्षदा रजा टाकून परळच्या इस्पितळात न्यायची. तिथल्या डॉक्टर दीपिकाबाईंनी त्यांना नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं. औषध नॅनोकणांत भरलेलं. नजरेला कधीच न दिसणारे कण, डोळ्यात सावकाश विरघळतात आणि औषध थोडं थोडं सोडत राहतात. एक सुई चार महिने पुरावी, असा हिशेब. सही करण्याआधी तात्यांनी अक्षदाकडून पानन्‌पान वाचून घेतलं, सोळा प्रश्न विचारले. बरोबरच केलं. फुकट मिळतंय म्हणून गरिबाने मुकाट अंगठा उठवावा, असं कुठे लिहिलंय?

सुया कमी झाल्या, तसं घरी एक काम आलं. चौकटीचौकटींचा छापील कागद भिंतीला लावायचा आणि रोज उजवा डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं. रेघ वाकडी दिसली तर त्याच दिवशी फोन.

तिसऱ्या महिन्यात रेघ वाकडी दिसली. तात्यांनी फोन केला नाही. पेन्सिल घेऊन वाकड्या जागी फुली मारली आणि कागद नापास केला. दुसऱ्या दिवशी आणखी वाकडी, आणखी एक फुली. चौथ्या दिवशी अक्षदाला हुकूम सोडला, की हा भिकार छपाईचा माल परत कर आणि धड कागद आण.

तिने कागद खिडकीशी नेला, पट्टी लावली.

"तात्या, रेघा सरळ आहेत."

"तुला काय कळतं गो? तीस वर्षं हेच केलंय मी."

अक्षदा वाद घालत बसली नाही. तिने त्यांचं बोट पट्टीच्या कडेला टेकवून रेघेवरून नेलं. पट्टी हाताला सरळ लागत होती, डोळ्याला मात्र बोट वळणावर गेल्यासारखं दिसत होतं. तात्या खाली बसले. तिने टॅक्सी बोलावली.

पडद्यामागे पाझर पुन्हा सुरू झाला होता. दीपिकाबाई रागावल्या नाहीत. चाचणीच्या नियमातच जादा सुईची सोय होती, ती त्यांनी लगेच दिली. आणखी आठवडा गेला असता तर डावा डोळाही हातचा गेला असता, एवढंच म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी रेघा बऱ्याच सरळ झाल्या. तपासणी झाल्यावर बाहेरच्या बाकावर तात्या सुनेकडे एकटक बघत राहिले. आयुष्यात कुणाला शाबासकी देऊन माहीत नाही.

"तू पट्टी लावलीस, म्हणून तुझं तोंड दिसतंय मला."

"मग आता भांडताना तोंडाकडे बघून भांडा," अक्षदा म्हणाली.

आता तात्या महिन्यातून एकदा त्याच बाकावर जाऊन बसतात. चाचणीत नव्याने आलेल्यांना आपली फजिती स्वतःच्या तोंडाने सांगतात. ज्यांनी ते कण घडवले त्यांची नावं त्यांना ठाऊक नाहीत, मग उपकार फेडायचे कुणाचे? म्हणून समोर बसलेल्या प्रत्येकाला बजावतात, "रेघ वाकडी दिसली तर कागदाला शिव्या घालू नका. फोन करा."