बिनभाकरीचे दिवस

माझी थोरली बहीण धाड गावाला राहते. गेल्या वर्षी तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती खाटेला लागली. ती माझ्याकडे येऊ शकत नव्हती आणि मला एसटीची पायरी चढता येत नव्हती. शेवटच्या खेपेला कंडक्टरने वरून ओढलं आणि दोन बायांनी खालून ढकललं. त्यानंतर मी गेलेच नाही. गुडघे खराब होतेच, पण वजनही बेसुमार होतं.

बुलढाण्याचा डॉक्टर म्हणाला, "आजी, वजन उतरवा. भाकरी, पोळी, भात, साखर बंद."

मी चौथीपर्यंत शिकलेली. मला एवढंच कळलं की अन्न सोडायचं. त्याची मला सवय होती. एकादशी, चतुर्थी जन्मभर धरल्या. म्हणून मी रोजच उपास सुरू केला. सकाळी साबुदाण्याची उसळ, दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, संध्याकाळी उकडलेलं रताळं. महिन्याने काट्यावर उभी राहिले, तर दोन किलो जास्त.

सून हसत हसत खाली बसली. "आत्याबाई, साबुदाणा काय हवेचा असते का? भाकरीपेक्षा जड आहे थो."

"मंग उपासाले चालते काऊन?"

"उपास देवासाठी असते. वजनाचा काटा देव नाही."

तिचं खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला.

मग तिने माझं ताट बदललं. आंबाडीची भाजी, वांग्याचं भरीत, दही, दोन उकडलेली अंडी. अंडी मी कधी खाल्ली नव्हती, ती खायला लागले. भाजी नुसतीच खायची. हात सवयीने ताटाच्या कडेला जायचा आणि तिथे काही नसायचं.

पहिले काही आठवडे डोकं हलकं व्हायचं. दुपारी ओसरीत बाजेवर पडले की शेजारच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. थप, थप. डोळे मिटायचे. झोपेत आहे की जागी, ते कळायचं नाही. लहानपणचं ज्वारीचं शेत दिसायचं. कणसं डोक्याच्या वर, आणि मी नि बहीण आतून चाललोय, ती पुढे. पायाला जमीन लागत नसे. कणसांमधून ऊन गळायचं, पिठासारखं. ती मागे न वळता काही बोलायची आणि मला ऐकू यायचं नाही. जागी व्हायचे तेव्हा तोंडाला पाणी सुटलेलं असायचं. बहिणीची आठवण यायची असं मी म्हणणार नाही. मला भूक लागलेली असायची.

थंडी पडेपर्यंत अकरा किलो उतरले. गुडघे तेच होते, त्यांच्यावरचं ओझं कमी झालं.

धाडच्या बाजाराच्या दिवशी मी एकटी फाट्यावर उभी राहिले. एसटी आली. दांडी धरली, त्यातल्या त्यात बरा पाय वर ठेवला, दुखरा मागून ओढून घेतला. कोणी हात लावला नाही.

बहिणीने डोळे बारीक करून मला पाहिलं. "काऊन व, सून खायाले देत नाही का?"

"देते. मीच खात नाही."

"या वयात कोणाले दाखवाची आहे कंबर?"

"एसटीले."

ती हसली, हसताना खुब्यात कळ आली आणि तिने मला शिवी दिली. मग माझं मनगट धरलं आणि तसंच धरून तिचा डोळा लागला. मीही खुर्चीत मान टाकली. बाजाराचा गलका लांबून, पाण्याखालून आल्यासारखा येत होता. पाचची एसटी गेल्याचं ऐकू आलं. मी उठले नाही. सहाची असते.